वाळ्यांसकट वजन

"स्वेटर घाला तिला," श्रुतिका मॅडम म्हणाल्या.

मे महिना होता. गोवंडीच्या त्या पत्र्याच्या अंगणवाडीत पंखा नुसता गरगरत होता आणि सेविका जानकीताई परबांचं पोलकं घामाने पाठीला चिकटलं होतं. त्यांनी सुपरवायझर मॅडमच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मॅडम थट्टा करत नव्हत्या.

"मॅडम, वजन उघड्या अंगानं घेतात."

"मला शिकवू नका ताई. दुपारी साहेब येतायत. एक जरी लाल दिसलं ना, तर माझी वाट लागेल. बॅनर पण छापून झालाय."

बॅनर दारावर लटकत होताच. 'लालमुक्त वस्ती'. वजन फारच कमी असलं की मोबाइलच्या अ‍ॅपवर त्या मुलाचं नाव लाल होई. लाल झालं की चिठ्ठी निघे आणि त्या चिठ्ठीवर सरकारी रुग्णालयाच्या पोषण कक्षात आईसकट खाट मिळे. पोर हाताबाहेर जायच्या आत सापडावं म्हणून केलेली ही सोय, आणि इथे ते सापडूच नये म्हणून आटापिटा चालला होता.

लाल उरली होती एकटी प्रांजल. चौदा महिन्यांची. आई रुचिराच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. पायांत मामाने बारशाला घातलेले चांदीचे वाळे होते आणि ते गळून पडू नयेत म्हणून रुचिराने त्यांना आतून काळा दोरा गुंडाळला होता.

पोराचे वाळे उतरवायला बायका कधीच तयार नसत, दृष्ट लागते म्हणून. जानकीताई मालवणकडच्या, त्यांना त्याचं नवल नव्हतं. वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी बावीस वर्षांपूर्वीच तोडगा काढला होता. लहानमोठ्या वाळ्यांचे तीन जोड त्यांच्या कापडी पिशवीत असत. आधी पोर तोलायचं, मग त्याच्या मापाचा जोड तोलायचा आणि वजा करायचा. प्रांजलच्या मापाचा भरे पासष्ट ग्रॅम. नव्या सेविका तोंडावर पदर घेऊन हसत. हसू देत.

आताही त्यांचा हात पिशवीकडे गेला. मॅडमनी पिशवीवर हात ठेवला.

"आज ती वजाबाकी राहू दे."

स्वेटर घालताना प्रांजल रडली नाही. एवढ्या उकाड्यात लोकर अंगावर चढतेय आणि पोर कुरकुरतसुद्धा नाही, याचीच जानकीताईंना भीती वाटली. काट्यावर आकडा आला, सहा किलो सातशे वीस. लाल रेघ सहा सहाशेला होती, त्याच्या वर पिवळं.

"पिवळं आलं ना ताई?" रुचिराचा चेहरा उजळला. "वाढलं ना वजन?"

"वाढलं की! झकास!" मॅडमच बोलल्या.

जानकीताईंनी मोबाइल उघडला. अ‍ॅपमध्ये आकडा मात्र त्यांनीच भरला, त्यांच्याच अंगठ्याने.

दुपारी साहेब आले. ज्या टेबलावर पोरं तोलली त्याच टेबलावर समोशांची ताटली मांडली. प्रांजलच्या गळ्यात झेंडूचा हार घालून फोटो काढला. एका पाहुण्याने हाताला लागलेली चटणी वाढीच्या तक्त्याला पुसली. ते बोटांचे हिरवे ओघळ जानकीताईंनी पदराने पुसून काढले. लोकांची किळस आलीच, पण त्याहून जास्त स्वतःच्या अंगठ्याची आली. घरी जाऊन त्यांनी तो साबणाने दोनदा धुतला.

दहा दिवसांनी रुचिरा धावत आली. प्रांजलला चार दिवस जुलाब होत होते. डोळे आत गेले होते.

"आधी का नाही आलीस गं?"

"तुम्हीच म्हणालात ना वाढलंय! मला वाटलं, दात येतायत."

म्हणाल्या मॅडम होत्या. पण गप्प कोण बसलं होतं? जानकीताईंनी मॅडमना फोन लावला. "अ‍ॅपमध्ये या महिन्याच्या नोंदी लॉक झाल्यात ताई. आता पुढच्या महिन्यात बघू," मॅडम म्हणाल्या.

"पुढच्या महिन्यात काय बघतलास? माका लाज वाटता, तुमका वाटना नाय?" आणि त्यांनी फोन कापला. बावीस वर्षांत वरच्या माणसाशी त्या पहिल्यांदाच अशा बोलल्या होत्या.

मायलेकींना घेऊन रुग्णालयाकडे जाताना रिक्षातच त्यांनी वहीचं पान फाडून लिहिलं: 'अ‍ॅपमधलं वजन खोटं आहे. मी ते स्वेटर आणि वाळ्यांसकट घेतलं. मूल लाल आहे. जानकी परब, सेविका.'

पोषण कक्षात एलेन सिस्टरने ते पान दोनदा वाचलं.

"परबबाई, हे फाइलला लागणार. तुमच्या नोकरीवर येईल ना."

"लावा. पण आधी पोरीला खाट द्या."

सिस्टरने काटा पुढे ओढला. "कपडे काढा सगळे. ते पायातलं पण."

जानकीताईंचा हात सवयीने पिशवीत गेला. रुचिरा वाळ्यांवरून सिस्टरशी आता भांडणार, हे त्यांना ठाऊक होतं.

रुचिरा भांडली नाही. ती खाली वाकली. वाळ्यांवर दोऱ्याचे आणखी कितीतरी वेढे चढले होते, तरी ओढावं लागलं नाही. टाच जराशी उचलली आणि वाळा आपसूक तिच्या हातात आला. मग दुसरा.

"धरा ताई," ती म्हणाली.

काट्यावर सहा किलो शंभर आले. सिस्टरने लाल शाईने लिहून घेतलं आणि खाटेचा नंबर सांगितला. जानकीताई ते दोन वाळे मुठीत धरून भिंतीशी उभ्या राहिल्या. या वेळी वजा करायला काही नव्हतं.