रेनकोट वाळत घालायची केबल

मी एक जुनी नेटवर्क केबल आहे, आणि मला निकामी ठरवून काढून टाकण्यात आले आहे. ठराव एकमताने झाला, टाळ्या वाजल्या, चहा झाला. मित्रांनो, आता हे घडलेच नाही असे समजून पुढे वाचा. जमत नसेल तर आमच्या संस्थेच्या संचालकांकडे बघा. घडलेले घडले नाही असे समजत ते वीस वर्षे काढत आले आहेत आणि सगळ्यांच्या तब्येती उत्तम आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आठ बारीक तांब्याच्या तारा, दोन-दोनच्या जोडीने पिळलेल्या, वरून निळी कातडी. केबलींना दर्जा असतो, माझा पाचवा. वीर स्टेशनवरून मी रिक्षाने महाडला आले. रिक्षात सात माणसे, एक कोंबडी आणि मी. त्या कोंबडीइतके समजूतदार कोणी मला पुढे भेटले नाही, एक-दोन अपवाद सोडून.

ते अपवाद आता सांगते. आमची संस्था डोंगरवाड्यांतल्या भात शेतकऱ्यांची. बाजारपेठेत खाली ऑफिस, वर माडी. माडीवर इंटरनेटची पेटी आणि इन्व्हर्टर, खाली सारिका मॅडमचा कॉम्प्युटर, आणि दोघांच्या मध्ये मी. मॅडम वाड्यांवरच्या लोकांचे पीक विम्याचे अर्ज भरून पाठवतात. अर्ज गेला नाही तर भात वाहून गेल्यावर त्या घराला कोणी विचारत नाही. अर्जांची शेवटची तारीख जुलैअखेर. नदीही जुलैअखेरच बाजारपेठेत येते. या दोघांची आतून ओळख असावी.

म्हणून मला बसवताना शिपाई मुरारीकाकांनी एक शहाणपण केले. काका वरंध गावचे. मी लागत होते पंधरा मीटर, त्यांनी तीस मीटर जास्त ठेवले आणि वेटोळे करून खिळ्याला टांगले.

"पाणी आलं की मशीन उचलायचं नि माडी गाठायची," ते म्हणाले. "केबल येतेय मागनं."

दर पावसाळ्यात तसेच झाले. खाली पाणी, वर मॅडम, मागून मी. संचालकांतले सर्वांत म्हातारे, पोलादपूरच्या डोंगरातले गोमाजी आजोबा एकदा माझे वेटोळे बघून म्हणाले होते, "ही केबल नाय, दावं हाय. दावं लांब असलं म्हंजे ढोर पुरात मरत नाय." माझ्या आयुष्यातली एवढीच स्तुती. मी ती जपून ठेवली, कारण दुसरी मिळणार नव्हती.

मग अध्यक्ष महिपतरावांचा पुतण्या हृतिक ऐरोलीहून आला. तो तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. माझ्याकडे त्याने मेलेल्या पालीकडे बघावे तसे बघितले.

"काका, पाचवा दर्जा? ये तो गया. सहावा टाका. दहापट स्पीड."

महिपतरावांना स्पीड म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, पण दहा ठाऊक होते. त्यांनी सभा बोलावली. सभेत गोमाजी आजोबांनी हात वर केला.

"हृतिक बाळा, बाहेरनं आपल्याकडं लाईन किती येते रे?"

"तीस एमबीपीएस."

"नि ही जुनी किती पेलते?"

"हजार."

"मंग झरा बोटभर नि पाट नदीएवढा खणून काय करू, पोहू?"

"गोमाजी, प्रगतीला खो घालू नका," महिपतराव म्हणाले.

मग सारिका मॅडम उभ्या राहिल्या. "सर, नवीन घ्या, पण लांब ठेवा. जुलैत मशीन वर न्यावं लागतं."

"मॅडम, केबल लोंबली की प्रोफेशनल वाटत नाय," हृतिक म्हणाला.

महिपतरावांनी तोडगा काढला. ठराव क्रमांक नऊ: यंदा पूर येणार नाही असे गृहीत धरण्यात येते. सर्वानुमते मंजूर. ठरावाची प्रत नदीला पाठवायची राहून गेली.

नवी केबल सेंटिमीटर मोजून बसली. भिंतीवर पांढरी पट्टी, पट्टीत ती. इंटरनेटची पेटी हृतिकने लोखंडी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली खिशात घालून ऐरोलीला गेला. सुरक्षेसाठी. नव्या केबलीने स्पीड किती वाढला ते विचारू नका. मॅडमनी मोजला. तीसच.

मला खालून उपटले. माझे वरचे टोक मात्र कपाटाच्या मागच्या भोकातून पेटीत अडकलेले होते, आणि हृतिकची गाडी चुकत होती. ते तसेच राहिले. कागदोपत्री मी भंगारात जमा झाले. प्रत्यक्षात मुरारीकाकांनी मला माडीच्या गॅलरीत ताणून बांधले आणि माझ्यावर रेनकोट वाळत पडू लागले. एकावेळी हजार पेलणारी मी, आता चार पेलत होते.

जुलै संपता संपता नदी आली. तिला ठराव नऊ मान्य नसावा. तो अर्जांचा शेवटचा दिवस होता. एकशे त्रेचाळीस अर्ज भरून तयार, पाच वाजेपर्यंत पाठवायचे, आणि ऑफिसात घोट्याएवढे पाणी. मॅडम आणि मुरारीकाकांनी मशीन उचलले. नवी केबल दुसऱ्या पायरीला ताठ झाली आणि तिसऱ्या पायरीला पांढऱ्या पट्टीसकट भिंतीतून बाहेर आली. तिचे दोन तुकडे झाले. मला वाईट वाटले असे लिहायची पद्धत आहे.

वर आल्यावर मॅडम कपाटापुढे उभ्या राहिल्या. आत पेटीचे दिवे लुकलुकत होते. मोबाईलचे टॉवर सकाळीच बसले होते. किल्ली ऐरोलीत होती.

"फोडा काका," मॅडम म्हणाल्या.

मुरारीकाकांनी कपाटावर हात फिरवला. "जाड पत्रा हाय गो बाय. पाच काय, उद्यापावेतो नाय फुटायचा."

मॅडम अर्जांच्या गठ्ठ्याकडे बघत खाली बसल्या. वरचाच अर्ज गोमाजी आजोबांचा होता, अंगठ्याचा. मुरारीकाका रेनकोट काढायला गॅलरीत आले, रेनकोट ओढला, आणि थांबले.

"सारिका गो, हिचं दुसरं टोक कुठं गेलंय?"

त्यांनी मला हाताने चाचपत चाचपत कपाटाच्या मागपर्यंत नेले. मग परत आले, माझ्या गाठी सोडल्या, मोकळे टोक शर्टाला पुसले आणि मशीनमध्ये खुपसले.

हिरवा दिवा लागला.

अर्ज जायला लागले. माझ्या अंगावर अजून तीन चिमटे होते. चार पन्नासला एकशे त्रेचाळिसावा गेला. मुरारीकाकांनी मग रेनकोट पुन्हा माझ्यावरच टाकला, कारण तो ओला होता.

ऑगस्टमध्ये सभा झाली. पुरातही एकशे त्रेचाळीस अर्ज वेळेत गेल्याबद्दल नव्या केबलीच्या अभिनंदनाचा ठराव मांडण्यात आला. हृतिकला शाल आणि श्रीफळ. मॅडम उभ्या राहिल्या.

"सर, अर्ज जुन्या केबलीवरून गेले. नवी तुटली होती."

महिपतरावांनी रजिस्टर उघडले. "जुनी केबल भंगारात जमा आहे. ही बघा सही. नसलेल्या केबलीवरून अर्ज जातील कसे, मॅडम?"

"माझा गेला की," गोमाजी आजोबा म्हणाले. "मंग मी पण नाय का?"

हा प्रश्न इतिवृत्तात घेतलेला नाही. नवी केबल पुन्हा मागवली आहे, तेवढ्याच मापाची.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या असे मी सांगणार नाही. माझी कोणी काळजी घेतली असती तर माझे वरचे टोकही नीट काढले असते. फक्त काही फेकण्याआधी त्याचे दुसरे टोक कुठे गेले आहे एवढे बघा. मुरारीकाकांना ते जमले, आणि ते शिपाई आहेत.

प्रति, मा. अध्यक्ष. विषय: अस्तित्वात असल्याची नोंद होणेबाबत. महोदय, अर्जदार केबल संस्थेच्या माडीवर आहे. तरी तिची 'आहे' अशी नोंद घ्यावी, पुढील जुलैपूर्वी तिचे तीस मीटर पूर्ववत खिळ्याला टांगावेत, आणि ओले रेनकोट निथळल्यावरच टाकावेत, ही नम्र विनंती. अर्जदार नसल्यामुळे अर्जावर सही केलेली नाही.