तिसऱ्या खिडकीनंतरची रेघ

डिचोलीच्या बाजारात रंगारी ढीगभर सापडतील, पण रेघ मारावी ती लाटंबार्शाच्या गोकुळदासानेच, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यात पहिला खुद्द गोकुळदास! शाळेची भिंत खाली निळी, वर मलई रंगाची, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर काळी रेघ. ती बिघडली की अख्खी भिंत वाया. म्हणून तो नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी घ्यायचा, निळीत बुडवलेलं सूत ताणून भिंतीवर उडवायचा आणि त्यावरून ब्रश फिरवायचा. चाळीस वर्षं हेच चाललं होतं.

बाजारातल्या शाळेचा वरचा मोठा हॉल त्याने असाच रंगवला. खाली बसगाड्यांचे हॉर्न, मासळीवाल्या बायकांची भांडणं, आणि सोमवारी शाळा उघडणार. शनिवारी दुपारी रेघ मारून झाली, तेवढ्यात हेडबाई गौरवी वर आल्या. दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी मान तिरकी केली.

“मेस्त, रेघ वर चढत गेलीय की ओ!”

चढत? गोकुळदासाचं डोकंच फिरलं. त्याने पाण्याची नळी आणून दोन्ही टोकांना धरून दाखवली. “बघा बाई, पाणी खोटं बोलत नाही.”

“पाणी बरोबर असेल. पण मुलं भिंत बघणार, पाणी नाही,” असं म्हणून बाई निघून गेल्या.

बाईंचंही खरंच होतं, हीच तर पंचाईत. दारातून पाहिलं की तिसऱ्या खिडकीनंतर रेघ वर निघाल्यासारखी दिसायची. इतक्या वर्षांचं नाव, आणि ते घालवायला ही एक भिंत पुरली! गोकुळदास डोक्याला हात लावून बसला.

कोपऱ्यात लक्ष्मी रंगाचे डबे आवरत होती. ती दोडामार्गाकडची. सोळा वर्षं त्याच्या हाताखाली पॉलिश पेपर घासायचा, भेगांत लांबीची पुट्टी भरायची, शेवटी फरशी धुवायची. ब्रशाला हात लावायचा नाही. एकदा तिने मागितला होता, तेव्हा तो मोठ्याने हसला होता. त्यानंतर तिने तोंड उघडलं नव्हतं. आज उघडलं.

“मेस्तांनू, तुमची रेघ सरळ आसा. शाळाच खचली हा. तिसऱ्या खिडकीपासून जमीन, खिडक्यो, वरची तुळई, सगळा चार बोटां खाली गेला. भिंत घासताना हाताक कळला. रेघ पण हळूहळू खाली नेवक होयी.”

“सूत वाकता काय गे? दोन सुतां मारली तर मधी कोन दिसतलो!”

“सूत कित्याक? हातान मारूची.”

हाताने, तीस फूट! गोकुळदासाचा हात दोन वर्षांपासून थरथरत होता; सुताच्या खुणेवर कसंबसं निभत होतं. हे त्याने घरी बायकोला, चंद्रावतीलाही सांगितलं नव्हतं. तो लक्ष्मीच्याच अंगावर ओरडला, “मग मार तूच!”

“मारतंय,” लक्ष्मी म्हणाली.

तिने ओली रेघ टर्पेंटाइनने पुसून काढली, हात धुतले, पदर खोचला. दारात जाऊन बराच वेळ नुसतं बघितलं. मग ब्रश टेकवला आणि चालू लागली. हात जागचा हलत नव्हता, लक्ष्मीच चालत होती! तिसऱ्या खिडकीपाशी ती कणभर वाकली, पुढच्या पावलाला आणखी कणभर. मध्ये थांबणं नाही, मागे वळून बघणं नाही. गोकुळदास श्वास रोखून बघत राहिला. अहाहा, काय तो हात! असा हात त्याने जन्मात पाहिला नव्हता.

“खंय शिकलंस गे?”

“दर चवथीक आमचा घर कोण रंगयता? घोव असता ट्रकार.”

खरंच की! गणेशचतुर्थीआधी त्याच्या घरच्या भिंती तरी कोण रंगवत होतं? चंद्रावतीच. ते काम आहे, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी, रेघेच्या वर उरलेली निळी पाचर मलई रंगाने झाकून झाली, तेव्हा गौरवीबाई पुन्हा आल्या. या वेळी मान तिरकी झाली नाही. “वा! आता कशी सरळ! मेस्त, शेवटी तुमचा हात तो तुमचाच.”

लक्ष्मी फरशीवरचे डाग खरवडत होती. तिचा हात थांबला, पण तिने वर बघितलं नाही. गोकुळदास गप्प राहिला असता तर नाव शाबूत होतं.

“बाई,” तो म्हणाला, “सरळ होती ती माझी. ही वाकडी आहे. आणि ही लक्ष्मीने मारलीय.”

बाईंनी रेघेकडे पाहिलं, मग लक्ष्मीकडे. लक्ष्मीने पदराने तोंड पुसलं. पुसला तो नुसता घाम नव्हता.

रविवारी जिन्याची भिंत राहिली होती. लक्ष्मी आली तेव्हा ब्रश धुऊन, पुसून वरच्या पायरीवर तिच्यासाठी ठेवलेला होता. खालच्या पायरीवर गोकुळदास पॉलिश पेपर घेऊन भिंत घासत बसला होता.