खोडलेली ओळ

“हे मी विचारलं कधी?”

पडद्यावर एवढीच ओळ उमटली आणि वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. मी शेजारच्या टेबलावर रक्ताच्या नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. “अगं, इकडे ये जरा,” ती म्हणाली.

दादा गेल्यावर वहिनी पहिल्यांदाच नोकरीला लागली, तीही माझ्या शब्दावर, आमच्याच लॅबमध्ये. वेबसाइटवर लोक प्रश्न विचारायचे, त्यांना तिने उत्तरं द्यायची. बोलघेवड्या वहिनीला याहून चांगलं काम मिळालं नसतं. पण त्या पानात एक स्क्रिप्ट बसवलेली होती. माणूस टाइप करू लागला की ‘पाठवा’ दाबण्याआधीच त्याची अक्षरं वहिनीला दिसायची. उत्तर तयार ठेवता येतं, असं साहेबांचं म्हणणं. लिहिणाऱ्याला याचा पत्ताही नसायचा. पाठवलेल्यालाच उत्तर द्यायचं, एवढं पथ्य आम्ही पाळायचं.

आजची ती ओळ लिहिणाऱ्या बाईने आधी लिहिलं होतं, ‘रिपोर्ट नवऱ्याला न कळता मिळेल का?’ मग ते खोडून तिने नुसतं ‘रिपोर्ट कधी मिळेल?’ एवढंच पाठवलं. आणि वहिनीने काळजीपोटी उत्तर दिलं, ‘उद्या या. तुमच्याच हातात देऊ, घरी कुणाला फोन जाणार नाही.’ झालं, पितळ उघडं पडलं.

“सगळ्यांनाच असं लिहितो म्हण,” मी म्हटलं. “नोकरी जाईल गं तुझी.”

“ती आधीच घाबरलेली आहे. आता कुणाला कसं कळलं, याचाच घोर लावून घेईल.” वहिनीने सरळ लिहून टाकलं, ‘तुम्ही खोडलेलंही मला दिसतं. माफ करा.’

वहिनी स्वतःच साहेबांना सांगून आली. ते म्हणाले, “उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी ती बाई आली, ती ‘कालच्या उत्तराबद्दल बोलायचंय’ म्हणत आधी साहेबांच्या खोलीत शिरली. आमच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर येऊन ती थेट वहिनीसमोर उभी राहिली.

“उत्तर देणाऱ्या तुम्हीच ना? राग आला मला, फार आला. पण तुम्ही खोटं बोलला असतात तर मला कधी कळलंच नसतं. साहेबांना सांगितलंय, ती भानगड आजच बंद करा आणि या बाईंना ठेवा.”

वहिनीने नुसते हात जोडले. मी त्या बाईचे उपकार अजून विसरलेले नाही. तिने वहिनीविरुद्ध तक्रार केली असती तर चूक साहेबांची असूनही घरी वहिनीच बसली असती.

वहिनीने बंद पाकीट तिच्या हातात दिलं. बाईने ते तिथेच उभ्या उभ्या फाडलं. तेवढ्यात वहिनी वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मीही मान खाली घातली. कागद उलगडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही.

“गेल्या का गं?” वहिनीने भिंतीकडेच बघत हळूच विचारलं.

मी तरी कुठे बघत होते.