तिसऱ्या प्रकरणानंतरची आई

वहिनीच्या कानात एक खुनी जिना चढत होता आणि हाताखालून कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचा निळा पडदा सरकत होता. खुन्याची पावलं आणि शिलाई मशीनची टकटक एकमेकांत अशी मिसळली, की तिने नकळत पायाखालचा दाब वाढवला आणि चुण्या वाकड्या गेल्या.

"उसव आता," टेबलापलीकडून नणंद म्हणाली. "कानात मुडदे पाडत बसलं की हातात असंच होणार."

"अगं, तो आता दार उघडणारच होता."

"कोण?"

"तेच तर कळायचंय."

पडद्यांचं हे दुकान दोघींचं. नणंद कापायची, ती शिवायची. नणंदेचं ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही तिला वहिनीच म्हणायला लागली होती. मुलीने फोनवर पुस्तकं ऐकायला शिकवलं, तेव्हापासून तिला हे वेड लागलं होतं. प्रेमकथांत तिचा जीव रमला नाही, विनोदी पुस्तकांनी हसू आलं नाही. एकच गोष्ट तिला धरून ठेवायची. एकामागून एक माणसं मारत सुटलेला कुणीतरी, आणि त्याच्या डोक्यात शिरून त्याचा माग काढणारा दुसरा कुणीतरी. पुस्तक संपून खुनी सापडला की तिला हायसं वाटायचं. पण तासाभरात हात पुन्हा फोनकडे जायचा. मधे मधे खुनी स्वतःच बोलायला लागला की तिच्या अंगावर काटा यायचा, तरी ते कधी ती पुढे ढकलायची नाही. पुढे ढकलायची ते रडणंबिडणं.

नवरा घरात असला की मात्र पुस्तक बंद. डॉक्टरच्या बायकोने लपूनछपून झाडपाल्याचं औषध घ्यावं, तसं तिचं चाललं होतं. कारण नवरा पोलीस खात्यातून निवृत्त झालेला, आणि नोकरीतली बरीच वर्षं त्याने खुनांच्या तपासातच घालवलेली. आता तो घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायचा. पेपर उघडायचा, मिटायचा, उठून मागच्या दाराची कडी बघून यायचा.

दोघं तरुण असताना शहरात एकट्या राहणाऱ्या बायकांचे खून झाले होते. कुठेच दार फोडलेलं नव्हतं. बायकांनीच खुन्याला आत घेतलं होतं. तपास तिच्या नवऱ्याकडे होता. तो घरी यायचा, हात धुवायचा, जेवायचा, भिंतीकडे बघत बसायचा. एकदाच काय ते बोलला होता, "मीटर बघायला आलोय असं कुणी म्हणालं, तर दार उघडू नकोस." तिने खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "काही नाही गं. काम." पुढे खून थांबले, पेपरवाल्यांना दुसरे विषय मिळाले. तो माणूस सापडलाच नाही.

त्या दिवशी वहिनी चुण्या उसवत असतानाच एक म्हातारी दुकानात आली. लहानखुरी, पण पाठ ताठ. एका खिडकीला पडदे हवेत म्हणाली.

"माप आणलंय?"

"तुम्हीच येऊन घ्या ना. आणि बसवायला कोण येतं?"

"आमचा बसवणारा हात मोडून घरी बसलाय. सध्या माझे मिस्टरच येतात."

"चालेल," म्हातारी म्हणाली. जरा जास्तच पटकन.

वहिनीने कापडांचे नमुने पुढे टाकले. म्हातारीने वरचाच तुकडा उचलून "हाच" म्हटलं आणि परत ठेवला. तिची नजर कापडावर नव्हतीच. दुकानावरून, नणंदेवरून फिरून ती वहिनीच्या चेहऱ्यावर येऊन थांबत होती.

"मिस्टरांची तब्येत बरी असते ना?" जाता जाता तिने विचारलं.

ती गेल्यावर वहिनी म्हणाली, "ही बाई काहीतरी लपवतेय."

"वय लपवत असेल," नणंद म्हणाली. "तुला आता आरशातल्या बाईचाही संशय येईल."

वहिनीच्या डोक्यातून मात्र ते जाईना. कापड न बघता पडदे घेणारी बाई तिला आजवर भेटली नव्हती. माप घ्यायला जायच्या दिवसापर्यंत तिने त्या म्हातारीच्या चार-पाच गोष्टी रचल्या आणि मोडल्या.

त्या सकाळी नवरा गाडी चालवत होता. ती पत्ता वाचून दाखवत होती. मोठा रस्ता संपून गाडी गल्लीत वळली, तसा त्याने वेग कमी केला.

"घर कोणतं म्हणालीस?"

तिने परत वाचलं. त्याने गाडी कडेला घेऊन बंद केली. हात स्टीअरिंगवरच होते.

"तू एकटीच जाऊन ये."

"एकटी? तुमची शिडी कोण उचलणार? आणि या वयात वर कोण चढणार, मी?"

त्याने किल्ली काढून खिशात टाकली. थोड्या वेळाने उतरला, शिडी खांद्यावर घेतली आणि तिच्या मागे न येता पुढे चालायला लागला. घर दाखवावं लागलं नाही. ते तिच्या लक्षात आलं.

म्हातारीने दार उघडलं. वहिनीकडे तिने बघितलंच नाही.

"आलात," ती म्हणाली. "फार वाट बघायला लावलीत, साहेब."

नवरा शिडी घेऊन तसाच उभा. म्हातारीने त्याच्या हाताला धरून त्याला आत नेलं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. ती खुर्ची त्याचीच असावी तसा तो बसला. खिडकीला पडदे होते. चांगले जाड, अस्तर लावलेले, अजून पाच-दहा वर्षं सहज टिकतील असे.

"हे पडदे तर चांगले आहेत," वहिनी म्हणाली. दुसरं काय बोलावं ते तिला सुचलं नाही.

"आहेतच. बाई, तुम्ही रागावू नका. निवृत्त झाल्यावर यांनी येणं बंद केलं. फोन उचलेनात. बोलण्यात कधीतरी तुमच्या दुकानाचा विषय निघाला होता, म्हणून शोधत आले."

फडताळावर एका मुलीचा फोटो होता. विशी ओलांडलेली, वाऱ्याने केस तोंडावर आलेले, ते बाजूला करताकरताच टिपलेली. वहिनीने फोटोकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तो जमिनीकडे बघत होता. न विचारताच तिला सगळं कळलं.

"माझी मुलगी," म्हातारी म्हणाली. "आधी साहेब प्रश्न विचारायला यायचे. मग अजून काही हाती लागलं नाही, हे सांगायला यायचे. पुढे पुढे नुसतेच यायचे. महिन्यातल्या एखाद्या रविवारी. माझा गळका नळ यांनीच नीट केलाय."

वहिनीला ते रविवार आठवले. "काम आहे" म्हणून तो बाहेर पडायचा, आणि ती आपल्या मुलीला घेऊन माहेरी जायची.

"काय तोंड घेऊन येणार होतो?" नवरा म्हणाला. "नोकरी होती तोवर तपास चालू आहे असं म्हणता तरी यायचं. आता काय म्हणू?"

"मी तपासासाठी तुमची वाट बघायचे, असं वाटलं तुम्हाला?" म्हातारीने विचारलं. "अहो, तिचा विषय काढला की माझा सख्खा भाऊसुद्धा हवापाण्याचं बोलायला लागतो. तुम्ही तेवढे बसून ऐकायचात."

नवऱ्याने चेहऱ्यावरून हात फिरवला आणि तो तसाच डोळ्यांवर धरून ठेवला. म्हातारी चहा टाकायला आत गेली. वहिनी टेप हातात घेऊन उभी होती. पुस्तकांतली आई साधारण तिसऱ्या प्रकरणात येते. दारावर पोलीस, तिच्या हातातून फुटणारा कप, अर्धं पान हुंदके. मग शोध सुरू होतो आणि त्या बाईचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही. ते अर्धं पान आलं की वहिनी बोटाने वेग वाढवायची. इथे ती आई आत कपबशा मांडत होती, आणि साखर किती ते तिला विचारावं लागलं नव्हतं, साहेबांची तरी.

चहा घेताना वहिनीने विचारलं, "कशी होती हो ती?"

म्हातारीने कप खाली ठेवला. मुलगी भांडखोर होती म्हणाली. पत्त्यांत हरायला लागली की डाव उधळायची. गाडी शिकायला घेतली तर पहिल्याच दिवशी फाटक पाडलं, आणि वर फाटकच रस्त्यात आलं म्हणाली. हे सांगताना म्हातारी हसली. नवराही हसला, त्याने ती गोष्ट आधी ऐकलेली दिसत होती. दुपार होईपर्यंत ते तिघं तिथेच होते. माप कुणी घेतलं नाही.

परतताना वहिनी टेप बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"घरात आणायचं नव्हतं ते."

"मी तर आणलंच होतं. कानात घालून."

"माहितीये. दुकानासमोर तू कापडाचे गठ्ठे उतरवत होतीस, मी गाडीत बसलो होतो. तुझा फोन आपोआप गाडीला जोडला गेला आणि एक माणूस मला सांगायला लागला, की त्याला बायकांचे हात फार आवडतात."

तिला हसू फुटलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. "मग? बंद केलंत?"

"नाही. तू परत येईपर्यंत ऐकलं. त्यातला पोलीस फारच हुशार होता. मला त्याचा रागच आला." मग त्याने विचारलं, "तुला काय मिळतं गं त्यात?"

"शेवटी कोण ते कळतं," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "आणि तुम्ही तेव्हा दिवसभर कुठे असायचात, तेही कळेल असं वाटायचं."

त्याने गाडी घराकडे वळवली नाही. नदीकाठच्या मोकळ्या जागेत उभी केली आणि तो सांगायला लागला. त्याला नीट सांगता येत नव्हतं. शेवटचं आधी यायचं, मधलं राहून जायचं. कचेरीत गळणारं छत, खोटं बोललेला साक्षीदार, एक वरिष्ठ ज्याला दातदुखी होती. ज्याच्यावर संशय होता तो माणूस दोन वाक्यांत आला आणि गेला. खुनाच्या दिवशी तो दुसऱ्याच गावात होता. वहिनीची चुळबुळ होत होती. दरवेळी वाटायचं की आता धागा सापडेल, आणि दरवेळी तो हातातून सुटायचा.

"आणि मग?"

"मग काही नाही. मग दुसरं प्रकरण आलं."

ती ऐकत राहिली. तो थांबला तेव्हा त्याचा घसा बसला होता.

त्यानंतर तो पुन्हा रविवारी म्हातारीकडे जायला लागला, कधी वहिनीही सोबत जायची. तिचं पुस्तकांचं वेडही सुटलं नाही. महिनाभर तिने फोन बाजूला ठेवून बघितला, पण हात शिवशिवायचे. नणंदच म्हणाली, "ऐक बाई. गप्प बसून शिवतेस तेव्हा मला जास्त भीती वाटते."

पुढे एकदा नवऱ्याचे डोळे तपासायला दोघं दवाखान्यात गेली. बाहेर बाकावर रांगेत म्हातारे बसले होते, डोळ्यांत औषध घालून, माना मागे टेकून. एकाने वहिनीला सरकून जागा करून दिली. ती बसली, आणि बसल्या बसल्या तिची नजर त्याच्या हातांवर गेली. मग पलीकडच्याच्या. न सापडलेला तो माणूस जिवंत असेल तर आता एवढ्याच वयाचा असेल, असाच शांत बसत असेल, असाच जागा करून देत असेल. तिने मान खाली घातली. थोड्या वेळाने ती आपोआप पुन्हा वर झाली.

नवरा तिच्याकडेच बघत होता.

"मीही बघतो," तो हळू आवाजात म्हणाला. "जिथे जाईन तिथे."

आतून त्याचा नंबर पुकारला. तो उठला नाही, तेव्हा तिने त्याच्या कोपराला धरून त्याला उठवलं आणि दोघं आत गेली.