बाजारची गाय

डॉक्टरबाई गाईंच्या कानातले बिल्ले बघत एकेक आकडा वाचत होत्या, मग हातातल्या कागदावर नजर टाकून "आहे" म्हणत होत्या.

"बारा, आहे. तेरा, आहे. सतरा, आहे."

मावशीने वैरणीचं घमेलं खाली ठेवलं. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या लेकीने बाहीचं टोक दातांत धरलं होतं. लहानपणी पायात काटा रुतला की ती असंच फ्रॉकचं टोक धरायची, आणि काटा काढायला तिला आईच लागायची.

गोठा लेकीच्या सासरचा. गेल्या महिन्यापर्यंत इथे पंधरा गाई होत्या. त्यांतल्या सगळ्यात दुधाळ गाईचा एक डोळा फुगत फुगत बाहेर आला, मानेखाली गाठी धरल्या आणि एका सकाळी ती उठलीच नाही. मग जिल्ह्याहून डॉक्टरबाई आल्या आणि उरलेल्या चौदाजणींचं रक्त घेऊन गेल्या. आज त्या निकाल सांगायला आल्या होत्या, आणि तो ऐकायला लेकीने आईला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तिला साक्षीदार हवा होता.

गुन्हेगार आधीच ठरलेला होता. आठ महिन्यांपूर्वी लेकीच्या सासूने, म्हणजे मावशीच्या विहिणीने, सून नको नको म्हणत असताना बाजारातून एक काळी-पांढरी गाय आणली होती. कुठली, कोण, कुणाच्या दावणीची, म्हणून लेक तेव्हाच कुरकुरली होती. रोग निघाला आणि तिला रानच मोकळं मिळालं. ती गाय गोठ्याच्या पार टोकाला एकटी बांधली गेली, आणि घरात सासूचीही साधारण तीच गत झाली. तीन आठवडे सून तिच्याशी एका शब्दाने बोलली नव्हती. मावशीला विहिणीची कीव यायची, पण खोटं कशाला बोला, आतून थोडं बरंही वाटायचं. लेकीचं म्हणणं खरं ठरत होतं, आणि त्याचं कुठल्या आईला वाईट वाटतं?

डॉक्टरबाई टोकाच्या गाईपाशी पोचल्या.

"एकतीस," त्या म्हणाल्या. "नाही."

"नाही म्हणजे?" लेकीने विचारलं.

"हिला लागण नाही. चौदांपैकी अकरा गाईंना आहे. ही आणि त्या दोन कालवडी, तिघी स्वच्छ आहेत."

"असं कसं होईल? रोग आणला तोच मुळी हिनं! पुन्हा तपासा."

"दोनदा तपासलंय. आणि हे बघा, विषाणू अंगात शिरल्यावर गाठी यायला वर्षं जातात. तुमची जी गाय गेली, तिला तीन-चार वर्षांपूर्वीच लागण झालेली असणार. तेव्हा ही होती का तुमच्याकडे?"

लेकीचं तोंड एवढंसं झालं. गोठ्याच्या दारात, उंबऱ्याबाहेर, विहीण उभी होती. तिच्यावरचा आळ असा भरदिवसा, सगळ्यांच्या देखत धुऊन निघाला होता. दुसरी एखादी असती तर तिने सुनेला तिथल्या तिथे चार शब्द सुनावले असते. विहिणीच्या चेहऱ्यावर मात्र काळजी उमटली, आणि मावशीला ते चमत्कारिक वाटलं.

"मग आला कुठून?" लेकीचा आवाज खाली आला होता.

"तेच शोधायचंय. हा हवेतून जात नाही, शेजारी बांधली म्हणूनही सहसा जात नाही. रक्तातून जातो. एका गाईच्या रक्ताचा डोळ्यांना दिसणार नाही एवढा अंश दुसरीच्या अंगात गेला की झालं." डॉक्टरबाईंनी पिशवीतून छापील फॉर्म काढला. "काही प्रश्न विचारते. वासरांची शिंगं जाळता की कापता? कापत असाल तर हत्यार कुणाचं?"

लेक उत्तरं देऊ लागली. मावशीचं लक्ष मात्र त्या दोन कालवडींवर खिळलं होतं.

आसपासच्या वीस-बावीस गोठ्यांत मावशीला नावाने कुणी ओळखत नसे. लसीचे दिवस आले की "मावशीला बोलवा" एवढंच म्हणत. डॉक्टर दिसताच लाथा झाडणाऱ्या गाई तिच्यापुढे रवंथ करत उभ्या राहत. तिने टोचलं कधी, ते त्यांना कळतही नसे. काचेची पिचकारी आणि जाड पोलादी सुई, दोन्ही तिच्या वडिलांची. सुईला ती दगडावर धार लावायची, सकाळी घरून निघताना ती पाण्यात खळखळून उकळायची, आणि मग दिवसभर, गोठ्यामागून गोठा, तीच वापरायची. दोन गाईंच्या मध्ये स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. वडिलांनी तर तेवढंही कधी केलं नव्हतं. दुकानातल्या नव्या सुया तिला डोळ्यांसमोरही नको असायच्या. एकदा टोचली की टाकून द्यायची, हा काय संसार झाला, असं ती म्हणायची, आणि लोक हसायचे.

लेकीचं लग्न झाल्यापासून सहा वर्षं, वर्षातून दोनदा, ती इथेही येत होती. गेल्या खेपेला कालवडी फार लहान, म्हणून तिने सोडल्या होत्या. बाजारची गाय नवखी होती, माणूस जवळ आलं की थरथरायची. राहू द्या, हिला मागाहून दवाखान्यात नेते, असं विहीणच म्हणाली होती. म्हणजे मावशीने टोचल्या त्या बारा. त्यांतली एक गेली, उरल्या अकरा. मावशीने गाईंवरून पुन्हा नजर फिरवली. तेवढ्याच भरल्या. तिने जवळचा खांब धरला.

बाहेर दुधाच्या गाडीने हॉर्न वाजवला. लेक दोन्ही हातांत कॅन उचलून बाहेर गेली.

"इंजेक्शनं कोण देतं?" डॉक्टरबाईंनी वर न बघता विचारलं.

"दवाखान्यातले डॉक्टर येतात ना," विहीण दारातून म्हणाली. "तेच देतात."

"दर गाईला नवी सुई?"

"हो, नवीच."

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. विहीण धडधडीत खोटं बोलली होती. मावशीला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची शरम वाटली.

फॉर्म संपला. डॉक्टरबाई बूट धुवायला नळाकडे गेल्या आणि विहीण चहा ठेवायला आत गेली. मावशी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरली.

"खोटं का बोललात?"

विहीण साखरेचा डबा शोधत राहिली. डबा तिच्या समोरच होता.

"तुम्हाला माहीत होतं," मावशी म्हणाली.

"त्या रक्त घ्यायला आल्या ना, तेव्हा शेपट्या मीच धरल्या होत्या. सूनबाई घरात नव्हती. दर गाईला सुई बदलत होत्या. मी म्हटलं, अहो, एवढ्या सुया वाया कशाला घालवता? तर त्यांनी सांगितलं, कशाला ते." विहिणीने गॅस बारीक केला. "तेव्हाच कळलं मला."

"आणि तीन आठवडे आळ सोसत राहिलात?"

"माझ्यावर चिडली तर चिडली. सासूवर चिडायला कारण लागतं होय? दोन महिने तोंड फिरवून बसेल, मग कधीतरी डबा कुठे ठेवलाय म्हणून विचारेल, की संपलं. तुमच्यावर चिडली असती म्हणजे? जाणार कुठे मग ती?" तिने चहा ढवळला. "माझं माझ्या आईशी असंच एकदा बिनसलं होतं. मिटवू मिटवू म्हणत राहूनच गेलं. पुढे या घरात कधी कुणाशी वाजलं, तर रुसून जायला जागाच नव्हती मला."

मावशीला रडू आलं. सहा वर्षं ती या बाईला वरवरचं हसून दाखवत आली होती, मागे लेकीच्या सुरात सूर मिसळत आली होती. विहिणीने तिला रडू दिलं आणि कपात चहा गाळला.

"फॉर्म काय, जाईल कुठल्या तरी कपाटात," ती म्हणाली. "तुम्ही तेवढी ती सुई टाकून द्या. झालं गेलं. चहा घ्या."

किती सोपं होतं! मावशीने कप हातात घेतला, पण तो ओठांपर्यंत जाईना. बहिणीच्या सात गाई तिला आठवल्या. वळणावरच्या म्हाताऱ्या मास्तरांच्या चार आठवल्या. मास्तर त्या चौघींशी दिवसभर गप्पा मारत. सगळीकडे हीच सुई फिरली होती. उद्या तिथेही एखादीचा डोळा बाहेर येईल, तिथेही कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटेल, आणि या फॉर्ममध्ये लिहिलेलं असेल की या भागात दर गाईला नवी सुई वापरतात. मग सुईपाशी कोण कशाला थांबणार?

तिने कप तसाच ओट्यावर ठेवला आणि डोळे पुसून ती बाहेर आली. डॉक्टरबाई गाडीत पिशवी ठेवत होत्या. लेक रिकामे कॅन घेऊन फाटकातून आत येत होती.

"डॉक्टर, तो फॉर्म काढा परत," मावशी म्हणाली. "इंजेक्शनाचं विचारा."

"ते झालं की मघाशी."

"उत्तर चुकलंय."

विहीण लगबगीने मागून आली. "सूनबाई, आत ये गं जरा. चहा निवतोय."

तीन आठवड्यांनी आलेली ती हाक ऐकून लेक दचकली. तिने सासूकडे पाहिलं, मग आईकडे.

"तिला इथेच थांबू द्या," मावशी म्हणाली. "विचारा, डॉक्टर."

डॉक्टरबाईंनी फॉर्म बॉनेटवर पसरला आणि पेन उघडलं.

"इंजेक्शनं कोण देतं?"

"एवढंच ना?" लेक म्हणाली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला. "आमची आई देते. पहिल्यापासून तीच. तिच्यासारखा हात नाही कुणाचा, विचारा हवं तर कुणालाही."

डॉक्टरबाईंनी आधीचं उत्तर खोडलं आणि नवं लिहिलं.

"आता पुढचा विचारा," मावशी म्हणाली.