टिकल्यांसाठी बारा पत्रं

ओरिन ट्वेटने त्रेचाळीस वर्षांत दुकानचं काडतूस बंदुकीत घातलं नव्हतं. जो आपली काडतुसं आपण भरत नाही तो दुसऱ्याची कवळी लावून जेवतो, असं त्याचं मत होतं आणि ते मॉन्टानातल्या त्या अख्ख्या खोऱ्याला पाठ होतं.

शनिवारी एल्क या थोराड हरणांची शिकार सुरू होणार होती. बंदुकीची दारू होती, गोळ्या होत्या, काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घासूनपुसून लखलखत होत्या. नव्हती ती पुंगळीच्या बुडाशी बसणारी, ठिणगी पाडणारी मसुराएवढी टिकली. टिकल्या बनवणारी कंपनी आता त्या सगळ्या स्वतःच्या तयार काडतुसांतच घालत होती. गावातल्या रस्कच्या शिकारी सामानाच्या दुकानात टिकल्यांच्या फळीवर दोन वर्षं कंपनीचे कॉफीचे मग बसले होते.

ओरिनने कंपनीला बारा पत्रं लिहिली. बाराव्याला उत्तर आलं. 'प्रिय नवशिक्या शिकाऱ्या', आणि सोबत एक स्टिकर.

गुरुवारी दुपारी रस्क म्हणाला, "तयार पेटी ने. कुणाला सांगणार नाही."

"कुत्र्याच्या खाण्याच्या पिशवीत घाल," ओरिन पुटपुटला.

"तुझा कुत्रा तर मागच्या वर्षी गेला."

"घाल म्हटलं ना!"

गॅरेजमध्ये त्याने एकेका काडतुसाची गोळी उपटून दारू ओतायला घेतली. टिकलीसकट पुंगळी तेवढी कंपनीची, बाकी सगळं आपलं, म्हणजे त्रेचाळीस वर्षांचा नेम शाबूत. तेवढ्यात बायको आर्डिस आत आली.

"विकतचा केक कुस्करून परत भाजतोयस?"

"हे वेगळं असतं."

नावं ठेवायला काहीतरी हवं म्हणून त्याने कंपनीची दारू तोलली. दुसऱ्या काडतुसाचीही तोलली, मग तिसऱ्याची. त्याचा चेहरा उतरला.

"आर्डिस, हे माझं प्रमाण आहे. दशांशापर्यंत. दारूही तीच. चौथ्या पत्रात लिहिलं होतं मी."

"कशाला?"

"जाणकार माणूस लिहितोय असं वाटावं म्हणून."

आर्डिसने पेटी उलटून वाचली. "'नवीन! घरी भरल्याची अचूकता.' चोरी झाली रे तुझी."

ओरिनने पेटी तिच्या हातून घेऊन स्वतः वाचली. मग ताठ बसला.

"चोरी कसली? ही माझीच काडतुसं. भरायला फक्त माणसं लावलीत."

उरलेली सतरा त्याने न फोडता पट्ट्यात खोचली. शनिवारी पहिल्याच गोळीत एल्क पडला. रविवारी त्याने तेरावं पत्र लिहिलं: 'काम बरं आहे. गोळी केसभर आत बसवा. टिकल्या पाठवा, म्हणजे तुम्हाला एवढा त्रास नको. आपला, नवशिक्या शिकारी.'

पाकिटाचा गोंद वाळला होता. आर्डिसने त्यावर कंपनीचाच स्टिकर लावला.