संत बेनेडिक्ट बाहेरच्या बाकावर

एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी अंगावर धातूचं जे जे असेल ते काढून द्यावं लागतं. केसरबाईंनी बांगड्या दिल्या, कानातली फुलं दिली, अंबाड्यातले आकडे दिले आणि तारेनं बसवलेले पुढचे तीन दातही कागदात गुंडाळून मुलाच्या, अनीशच्या, हातात ठेवले. मग गळ्यातल्या काळ्या दोऱ्यावर पदर ओढून त्या म्हणाल्या, "चला."

"आजी, ते पदक पण," टेक्निशियन दिपक म्हणाला.

"हे न्हाई निघत."

"दोरा कापू या की."

"दोरा निघतो रे. मी काढत न्हाई."

दात नसल्यामुळे शब्द जरा मऊ बाहेर पडले. अर्थ काही मऊ झाला नाही.

पदक पितळेचं, संत बेनेडिक्टचं होतं. काळ्या झग्यातला संन्यासी, एका हातात क्रूस, दुसऱ्या हातात नियमांचं पुस्तक, बाजूला फुटका पेला आणि एक कावळा. कडेनं बारीक लॅटिन अक्षरं. केसरबाई कापडाच्या गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या. गिरणी बंद पडली त्या वर्षी, बदली होऊन निघालेल्या म्हाताऱ्या फादरांनी ते पदक त्यांच्या गळ्यात घातलं आणि अक्षरांचा अर्थ सांगितला: आमच्या मरणाच्या घटकेला त्याच्या सहवासानं आम्हांला बळ मिळो. बाकीच्या बायकांना त्या वर्षी नुसती तोंडी आश्वासनं मिळाली. केसरबाईंना हे एक लेखी मिळालं.

त्यानंतर पदक उतरलंच नाही. केसरबाई मरणाला भीत नव्हत्या. त्यांचं भांडण होतं ते यंत्रातल्या वीस मिनिटांशी. संतानं इतकी वर्षं पहारा द्यायचा, आणि आपण बोगद्यात उघड्या गळ्यानं पडलेल्या असताना नेमकं बोलावणं आलं तर? वर गेल्यावर काय सांगायचं, फोटोसाठी काढून ठेवलं होतं म्हणून?

पण फोटो तर हवा होता. दोन महिन्यांत त्या दोनदा न्हाणीत भोवळ येऊन पडल्या होत्या, आणि डोक्यात काय चाललंय ते दिसल्याशिवाय औषध देत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

अनीशनं सरळ चर्चच्या सध्याच्या फादरांना फोन लावला. फादरांनी समजावलं की पदक म्हणजे ताईत नव्हे, कृपा काही पितळेत नसते, संत हाकेला कुठूनही येतात. केसरबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरून सगळं ऐकलं, दर वाक्याला "व्हय फादर" म्हटलं, आशीर्वाद घेतला आणि फोन परत दिला. पदक होतं तिथंच होतं. मग अनीश म्हणाला की मी धरून बसतो. गेल्या आठवड्यात हा मुलगा मंडईत स्कूटर विसरून रिक्षानं घरी आला होता. केसरबाईंनी पदर आणखी घट्ट ओढून घेतला.

बाकाच्या टोकाला वळसंग गावचे ईश्वरप्पा बसले होते. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे. मुलगा चिंचोळीला कामावर जाताना त्यांना इथं सोडून गेला होता, आणि सकाळपासून त्यांनी आपल्या नंबरावर चार माणसं पुढं सोडली होती. दिपकला वाटत होतं, म्हातारा फार सज्जन आहे.

"अक्का," ते सरकत म्हणाले, "माजं बी तेच हाय की."

त्यांनी सदऱ्यातून गळ्यातली चांदीची डबी काढून दाखवली. आत इष्टलिंग. लहानपणी मठाच्या स्वामींनी बांधलेलं, ते शेवटी ईश्वरप्पांबरोबरच मातीत जायचं. मणक्याचा फोटो काढायचा होता. पण डबी भुईला टेकवायची नाही, खिळ्याला टांगायची नाही, आणि ट्रेमध्ये कुणाच्या दातांशेजारी तर नाहीच नाही.

दोघांनी एकमेकांच्या गळ्याकडे नीट बघून घेतलं. मग ईश्वरप्पांनी चौकशी सुरू केली, सोयरीक जुळवताना करतात तशी.

"तुमचं हे साधू हायत का?"

"साधूच. मठ बांधला, मठाचे नियम लिहिले."

"आन् पेला फुटका का?"

"त्यात विष घातलं होतं. ह्यांनी क्रूसाची खूण केली, पेला फुटला."

"विष कुणी घातलं?"

"मठातल्याच लोकांनी. नियम लई कडक वाटले म्हणून."

"मग खराच मठ म्हणायचा," ईश्वरप्पा समाधानानं म्हणाले. "द्या. मी सांबाळतो. मागनं माजं तुमी सांबाळा. पण आज मांस-मच्छी?"

"उपासाचा शुक्रवार हाय अप्पा. चहा सुदीक बिनदुधाचा."

दोन्ही धर्मांचं इतकं झटपट कधी जमलं नसेल. केसरबाईंनी दोरा डोक्यावरून काढला. ईश्वरप्पांनी पदक दोन्ही तळहातांत मिटून छातीशी धरलं आणि डोळे लावले. हे नाटक नाही, एवढं केसरबाईंना कळलं.

यंत्र सुरू झालं. खट-खट-खट, थोडं थांबून पुन्हा खट-खट. दिपक कानातल्या यंत्रातून म्हणाला, "आजी, हलू नका." त्या कशाला हलतील? हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

गिरणीच्या छपरातून दुधाळ उजेड उतरत होता. कापसाची पिसं हवेत तरंगत होती आणि खाली बसायचं त्यांच्या मनातच येत नव्हतं. मागांच्या रांगांमधून काळ्या झग्यातला माणूस सावकाश चालत आला. बायकांना वाटलं, मागांवरचा नवा मुकादम, जॉबर असेल. त्यानं पुस्तक काखेत मारलं, एका मागावरचा तुटलेला धागा उचलला आणि बोटांत फिरवून गाठ मारली. गाठ चांगली होती. कावळा बीमवर बसून त्याच्याकडे बघत होता.

केसरबाईंनी हाक मारली. संतांनी फक्त मान हलवली आणि ते दाराकडे निघाले. तेवढ्यात भिंत मलमलीसारखी विरळ झाली. पलीकडे बाक दिसला. संत झगा सावरत ईश्वरप्पांशेजारी टेकले होते, आणि यंदा रानडुकरांनी ज्वारीचं काय केलं ते ईश्वरप्पा त्यांना सांगत होते, अर्धं कन्नडमध्ये. संतांना सगळं समजत होतं.

केसरबाईंनी अंतर मोजलं. बाकापासून इथवर बारा पावलं. बोलावणं आलंच, तर म्हातारे साधू तेवढं चालून येतील. त्यांना बरं वाटलं. मग त्या झोपल्याच.

बाहेर आल्या तेव्हा ईश्वरप्पांनी मूठ उघडली. पदक गरम झालं होतं. केसरबाई ते घ्यायला गेल्या, तोवर त्यांनी ते बाकावर ठेवलं, डबी उघडून डोळ्यांना लावली आणि लिंग केसरबाईंच्या डाव्या तळहातावर ठेवलं. हात छातीशी धरायचा, खालून उजव्याचा आधार द्यायचा, मांडीवर न्यायचा नाही, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं, आणि मागं वळून बघत बघत ते आत गेले.

आता पदक घालायला केसरबाईंना हातच उरला नाही. ते बाकावर पडलेलं होतं. अनीशनं विचारलं, फादरांना पुन्हा फोन लावू का. नको, त्यांच्या जेवणाची वेळ आहे, असं त्या म्हणाल्या.

"मग हे?"

"तुझ्या गळ्यात घाल. खिशात नको."

अनीशनं घातलं. अर्ध्या तासानंतर दिपक बाहेर डोकावला. आजी तळहातावर नजर लावून ताठ बसल्या होत्या. नाकावर माशी बसली होती, ती त्यांनी बसू दिली होती.

"आजी, तुमचं मेडल राहिलं की घालायचं."

"हळू बोल," केसरबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "हात हलंल."